खानदेशात ट्यूलिप: पानं येतात, मग फूल का येत नाही?

सावद्याहून एका ताईंनी विचारलंय. गेल्या वर्षी त्यांनी ऑनलाइन २० ट्यूलिपचे कंद मागवले. कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं तसे सहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवले आणि नोव्हेंबरच्या शेवटी गच्चीवर कुंड्यांत लावले. पानं बरी आली. कळ्या चारच दिसल्या, त्यातल्या तीन पानांच्या बेचक्यातच कागदासारख्या वाळून गेल्या. एक उमलली, पण मातीला टेकून. त्यांचं म्हणणं असं, "आमच्याकडे जानेवारीत रात्री गोधडी पुरत नाही, मग या कंदांना अजून किती थंडी पाहिजे? यंदा पुन्हा पैसे घालू की नको?" सोबत तीन फोटो जोडलेत. तिसऱ्या फोटोबद्दल पुढे सांगतो, खरा चोर बहुधा त्यात आहे.

ताई, धुळ्याजवळ माझी छोटी नर्सरी आहे आणि दर हिवाळ्यात मी थोडे ट्यूलिप लावतो. विक्रीसाठी कमी, हौसेसाठी जास्त. पहिली तीन वर्षं माझ्याकडेही जवळजवळ नुसती पानंच आली. तेव्हा तुमचं काय चुकलं असेल ते मला ओळखीचं आहे.

आधी प्रश्न नीट मांडू. "खानदेशात ट्यूलिप जगतो का?" हा तुमचा प्रश्नच नाही. जगतो, पानं आली म्हणजे जगलाच. प्रश्न आहे दांडा वर का येत नाही हा. सप्टेंबरात ट्यूलिपचा एक चांगला जाड कंद उभा चिरून पाहा (एक कंद वाया जातो, पण डोक्यात कायमचा प्रकाश पडतो). मधोमध पाकळ्या, पुंकेसर सगळं असलेली इवलीशी कळी तयार बसलेली दिसते. म्हणजे फुलाचं बांधकाम आपल्याकडे यायच्या आधीच, उन्हाळ्यात साठवणीत असताना झालेलं असतं. थंडीचं काम त्यापुढचं. सलग थंडीत कंदातल्या पिठाची साखर होते आणि दांड्याला लांब होण्याची ताकद येते. ती ताकद आली नाही तर फूल असूनही आत अडकून राहतं, नाहीतर मातीवरच उघडतं. तुमचं ते एक टेकलेलं फूल म्हणजे थंडी अर्धवट मिळाल्याची सहीच म्हणायची.

आपल्या लोकांना हे समजवायला मी कांद्याचं उदाहरण देतो. थंडी जास्त पडली की रब्बी कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, येतात, आणि शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण डेंगळा आला की गड्डा पोसत नाही. बीजोत्पादनाला मात्र तोच डेंगळा, तोच गोंडा हवा असतो. ट्यूलिपवाले आपण बीजोत्पादनवाल्यांच्या बाजूचे, आपल्याला डेंगळाच पाहिजे. फरक एवढाच, की कांद्यात थंडीनं फुलाची सुरुवात होते आणि ट्यूलिपमध्ये आधीच झालेल्या फुलाला ती बाहेर काढते. आणि कांद्याचं ८-१२ अंशांवर काम भागतं, ट्यूलिपला तेवढ्यावर भागत नाही.

त्याला लागते ४ ते ७ अंशांची थंडी, १२ ते १४ आठवडे, सलग. यातला 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे ८-१० अंश होतं, धुळ्यात एखाद्या आठवड्यात त्याहूनही खाली जातं. पण दुपारी तीनला तीच गच्ची २८-३० अंशांवर असते. मी जानेवारीत कुंडीत थर्मामीटर खोचून पाहिलाय: पहाटे १३, दुपारी २५. कंद मातीत असतो, त्याला रात्रीच्या गोधडीशी देणंघेणं नाही. गंमत बघा, तुमच्या रावेर-यावल पट्ट्यात हीच थंडी पडली की केळीला चरका बसतो, पानं पिवळी पडतात, शेतकरी रात्री बांधावर पाचट पेटवून धूर करतात. जी थंडी केळीला सोसत नाही ती ट्यूलिपच्या खिजगणतीतही नाही. आपला हिवाळा केळीला जास्त आणि ट्यूलिपला कमी.

"मग तोरणमाळला तरी होईल का?" असंही लोक विचारतात. तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटरवर आहे, रात्री कडक असतात, पण दिवसा ऊन लागतंच. फ्रीजमध्ये थंड करून नेलेल्या कंदांना तिथे फुलं जास्त दिवस टिकतील, हे खरं. फ्रीज टाळता येणार नाही. श्रीनगरला दल सरोवराच्या बाजूला, झबरवान डोंगररांगेच्या पायथ्याशी २००७ साली सुरू झालेली ट्यूलिप बाग सगळ्यांनी फोटोत पाहिली आहे. तिथे कंद अख्खा हिवाळा थंड मातीत काढतात आणि मार्चअखेर-एप्रिलमध्ये फुलतात. दिल्लीत फेब्रुवारीत रस्त्याकडेला ट्यूलिप दिसतात, ते मात्र थंड करून आणलेले कंद असतात आणि ते नव्यानं आणावे लागतात. दिल्लीचा हिवाळा आपल्यापेक्षा किती तरी कडक. तिथे ही गत, तर सावद्याचं काय सांगावं?

म्हणजे थंडी फ्रीजमधूनच द्यायची आणि पूर्ण द्यायची. तुम्ही सहा आठवडे दिलीत, निम्मी.

पण नुसतं एवढंच असतं तर चारपाच फुलं तरी बुटक्या दांड्यावर आली असती. तीन कळ्या वाळल्या आणि बाकीच्या दिसल्याच नाहीत, म्हणून मी फोटो मोठे करून पाहिले. तिसऱ्या फोटोत कंदांची जाळीची पिशवी फळीवर ठेवली आहे आणि तिच्या शेजारी खुंटीला केळीचा पिकलेला घड टांगलाय. सावद्याच्या घरात घड नसेल तर नवल, आणि त्यात तुमची चूकही नाही. पण पिकणाऱ्या केळीतून इथिलीन वायू सुटतो. तुमच्या भागातल्या रायपनिंग चेंबरमध्ये हिरव्या घडांवर सोडतात तोच. कच्च्या केळीला तो पिकवतो, ट्यूलिपच्या आतल्या कळीला मारतो. बाहेरून कंद टणटणीत दिसतो, लावल्यावर पानंही फुटतात, पण आतली कळी आधीच मेलेली असते. तुम्ही लिहिलंय की पार्सल आल्यावर "नवरात्र होईपर्यंत" कंद तसेच फळीवर होते. म्हणजे दोनतीन आठवडे त्या घडाच्या सोबतीनं. केळी फ्रीजमध्ये कुणी ठेवत नाही, साल काळी पडते. पण फ्रीजमध्ये सफरचंद, चिकू, टोमॅटो असतातच, आणि सफरचंद तर या बाबतीत केळीच्या तोडीचं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. दुसऱ्या वर्षी मोठ्या उत्साहानं १५० कंद एका ओळखीच्या शीतगृहात ठेवले. घरचा फ्रीज कशाला अडवायचा, आणि तिथे तापमान काट्यावर ४ अंश. बारा आठवडे झाले, लावले, पानं अशी आली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. फुलं आली सात. नंतर कळलं की त्याच खोलीत पलीकडच्या रॅकवर सफरचंदाच्या पेट्या होत्या. तापमानाचा विचार मी केला होता, शेजाऱ्याचा केला नव्हता. त्यानंतर नर्सरीत एक जुना फ्रीज फक्त कंदांसाठी ठेवला. सुरुवातीला तो घरात होता, तेव्हा आईनं उघडून विचारलं होतं, "ह्या कांदा भाजीना शेतस का?" हसू आलं, पण त्याच दिवशी खोक्यावर लाल अक्षरात चिठ्ठी लावली. ट्यूलिपचे कंद खायचे नसतातच, आणि डॅफोडिलचे तर विषारी असतात. दिसायला दोन्ही अगदी लहान कांद्यासारखे. घरात बाकीचे लोक फ्रीज उघडत असतील तर ही चिठ्ठी लावाच.

आता कशावर अवलंबून आहे ते सांगतो, कारण इथे मी छातीठोक बोलू शकत नाही. एक म्हणजे कंदाचा आकार. ट्यूलिपचा कंद घेराच्या मापानं विकतात, १२ सेंटिमीटर किंवा वरचा घ्या. छोट्या कंदाला एकच रुंद पान येतं आणि काही केलं तरी फूल येत नाही. तुमच्या पहिल्या फोटोत दोन कुंड्यांत अशी एकेक पानं दिसतात. ते कंद फ्रीज, केळी काही नसतं तरी फुलले नसते. दुसरं म्हणजे विकणाऱ्यानं आधी थंडी दिली आहे का. काही जण 'प्री-चिल्ड' लिहून विकतात. त्यांना विचारा, किती आठवडे आणि किती अंशांवर. उत्तर टाळलं तर थंडी दिलेली नाही असं धरा. आणि खरंच थंड केलेले कंद ऑक्टोबरच्या उकाड्यात कुरिअरच्या गोदामात आठवडाभर पडले, तर केलेलं पुष्कळसं वाया जातं. तिसरं, हिवाळा. एखाद्या वर्षी डिसेंबरात ढग येतात, अवकाळी पडतो, रात्री १७-१८च्या खाली उतरतच नाहीत. त्या वर्षी माझ्याकडेही निम्मीच फुलं येतात, मी काय करणार?

यंदा करायचंच असेल तर वेळापत्रक उलटं मोजा. आपल्याकडे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यानंतर दुपार तापते. तोवर फूल उरकायला हवं. लावल्यापासून फुलायला पाच ते सात आठवडे लागतात. म्हणजे लागवड २० डिसेंबर ते ५ जानेवारी. त्याच्या मागे १३ आठवडे मोजले की सप्टेंबरचा शेवट आला. कंद त्या सुमारास हातात पडले तरच स्वतः थंडी द्यायचा घाट घाला. नोव्हेंबरात मिळाले तर पूर्ण थंड केलेलेच घ्या, नाहीतर सोडून द्या. मी १० जानेवारीनंतर एकही कंद लावत नाही, कुणी फुकट दिला तरी.

फ्रीजमध्ये ठेवताना: आल्याबरोबर प्रत्येक कंद दाबून, हुंगून पाहायचा. मऊ लागला किंवा आंबूस वास आला तर फेकायचा. फ्युजेरियम बुरशीनं सडणारा कंद स्वतःच भरपूर इथिलीन सोडतो, म्हणजे एकामुळे अख्खं खोकं जातं. बाकीचे कागदी पिशवीत किंवा जाळीत, प्लॅस्टिकमध्ये कधीच नाही. कांदाचाळीला भिंती का नसतात ते आपल्याला माहीत आहे, तीच गोष्ट. भाजीचा खण चालतो, पण त्यातली फळं आणि टोमॅटो वरच्या कप्प्यात किंवा बाहेर. बर्फाच्या कप्प्याला चिकटू देऊ नका, गोठला की मेला. दर पंधरवड्याला उघडून पुन्हा हुंगा. वीज तासदोन तास गेली तर घाबरायचं कारण नाही, फक्त तेवढ्या वेळात दार उघडू नका. एक गोष्ट घरातल्यांशी आधीच ठरवून घ्या: दिवाळीच्या फराळात, पाहुण्यांच्या गर्दीत दोन दिवस हे खोकं बाहेर ओट्यावर निघतं आणि तिथेच राहतं. माझ्याकडे घडलंय.

माती. तुमच्या दुसऱ्या फोटोतली काळी माती पाहून वाईट वाटलं. कपाशीला सोनं असेल, कंदाला ती चिखल. काळी माती पाणी धरून ठेवते आणि कंदाचं बूड सडतं. माझं मिश्रण असं: एक भाग पोयट्याची किंवा मुरमाड माती, एक भाग धुतलेली जाडी रेती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. खत कच्चं असेल तर नकोच. ट्यूलिप स्वतःचा शिधा घेऊन आलेला पाहुणा आहे, त्याला आपल्या जेवणाची फारशी गरज नसते. आठ इंची मातीच्या कुंडीत पाच ते सात कंद, एकमेकांना न चिकटता, कंदाच्या उंचीच्या दुप्पट-अडीचपट खोल. कंदाची एक बाजू सपाट असते. ती कुंडीच्या कडेकडे ठेवा. पहिलं मोठं पान त्या बाजूनं निघतं, मग पानं बाहेर झुकतात आणि फुलं मधे एकत्र येतात. आवश्यक नाही, पण दिसायला फार फरक पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. लावल्यावरचे पहिले पंधरा दिवस कुंडी उन्हात नाही ठेवायची. फ्रीजमधून निघालेल्या कोरड्या कंदाला अजून मुळं नसतात. मुळं धरायच्या आधी ऊन लागलं की कोंब धावतो आणि मागे रसद नसते, कळी वाळते. घरात सगळ्यात गार जागा शोधा. जुनं धाब्याचं घर असेल तर मागची अंधारी खोली, तिच्याइतकी चांगली जागा नाही. मातीच्या जाड भिंती आणि वर धाबं, दुपारीही तिथे गारवा असतो. नसेल तर जिन्याखाली. कुंडीभोवती ओलं बारदान गुंडाळा, माठासारखं काम करतं. काही जण मातीवर बर्फाचे खडे ठेवतात. मी दोन वर्षं ठेवून पाहिले. मनाचं समाधान होतं, बाकी काही नाही. कोंब दोन-तीन इंच झाले की बाहेर, सकाळी साडेनऊ-दहापर्यंतचं ऊन आणि मग सावली किंवा हिरवी शेडनेट. वर कडब्याचा किंवा वाळलेल्या केळीच्या पानांचा पातळ थर. माती ओलसर ठेवायची, कळी दिसल्यावर एकदाही सुकू द्यायची नाही, आणि बशीत पाणी साचू द्यायचं नाही. कळीवर रंग चढला की कुंडी रात्री बाहेर, दिवसा घरात. तरी फूल चार-पाच दिवसांच्या वर टिकत नाही. ते मान्य असेल तरच या वाटेला जा.

एक मोठी चूक लोक करतात: 'परदेशी कंद' म्हटलं की सरसकट सगळे फ्रीजमध्ये. हायसिंथला १० ते १२ आठवडे थंडी लागते, ती ट्यूलिपसारखीच द्या (हाताळताना हातमोजे घाला, कंदाच्या सालीनं खाज सुटते). नेहमीच्या मोठ्या पिवळ्या डॅफोडिललाही थंडी लागते. पण पांढऱ्या, घोसात येणाऱ्या वासाच्या नर्गिसला, ज्याला दुकानदार पेपरव्हाइट म्हणतात, थंडी लागतच नाही. उथळ भांड्यात खडे, खड्यांवर कंद, पाणी फक्त बुडाला शिवेल एवढं. चार ते सहा आठवड्यांत फूल. ज्यांना पहिल्याच वर्षी यश हवंय त्यांना मी हाच देतो. फ्रीसियाचं तर सगळंच उलटं. त्याच्या गड्ड्याची झोप मोडायला ३० अंशांच्या आसपासची ऊब दहा-बारा आठवडे लागते, आणि फ्रीजमध्ये ठेवला तर तो कोंब काढायचं सोडून डोक्यावर दुसरा गड्डा करत बसतो. फ्रीसियाला आपला उन्हाळा साठवणीसाठी वरदान आहे. ऑक्टोबरअखेर लावा, थंडीत पानं वाढतात.

आणि 'ट्यूलिपचं बी', निळं, काळं, सप्तरंगी, त्यावर एक रुपया घालवू नका. बियांपासून ट्यूलिप फुलायला चार ते सहा वर्षं लागतात, तीही थंड प्रदेशात. आणि खरा निळा ट्यूलिप कुठेच नाही.

आता तुमच्या "पुन्हा पैसे घालू का?" या प्रश्नाकडे. माझं मत: दहा घाला, वीस नको. उरलेल्या पैशात अमरिलिसचे मोठे कंद घ्या, २४-२६ सेंटिमीटर घेराचे मिळाले तर उत्तम. लोक त्याला बाजूला ठेवतात कारण तो ट्यूलिपसारखा फोटोत मिरवत नाही. पण आपल्या वसंतात, म्हणजे होळीच्या आसपास फुलणारा हक्काचा कंद तोच. त्याला थंडीच्या आठवड्यांचा हिशेब नाही, पानांचा आहे. साधारण चार पानं झाली की कंदात एक फुलाचा दांडा तयार होतो. म्हणजे पावसाळ्यात जितकी जास्त पानं, तितकी पुढच्या मार्चला फुलं जास्त. नोव्हेंबरात पाणी तोडायचं, आठ-दहा आठवडे कुंडी कोरडी सावलीत पडू द्यायची. फेब्रुवारीत वरची माती बदलून पाणी सुरू केलं की नाक वर काढतो. लावताना वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवा. मे महिन्यात ४५ अंशांत सावलीत ठेवला तर मरत नाही. पावसाळ्यात फक्त एका अळीवर लक्ष ठेवा: काळी, अंगावर लाल-पांढरे ठिपके. रात्रीत पानं फस्त करते. सकाळी हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकली तरी भागतं. माझ्याकडे अमरिलिसच्या एका कंदाची नऊ वर्षांत तीन कुंड्या भरून पिल्लं झालीत.

राहिला शेवटचा प्रश्न, गेल्या वर्षीचे ट्यूलिप अजून कुंड्यांतच आहेत, त्यांचं काय? उकरून पाहा. श्रावणाच्या पाण्यात बहुतेकांचा लगदा झाला असेल. एखाददुसरा शेंगदाण्याएवढा कंद मिळेल. फूल येऊन गेल्यावर पुढची कळी घडवायला कंदाला सहा-आठ आठवडे हिरवी पानं आणि गार हवा लागते, आणि आपल्याकडे मार्चमध्ये पानं आठवडाभरात जळतात. म्हणून इथे ट्यूलिप एका वर्षाचाच. ते शेंगदाणे जपू नका, खड्ड्यात टाका. कुंडी रिकामी करून आठ दिवस उन्हात पालथी घाला, माती बदला आणि अमरिलिस त्यात लावा. आणि ट्यूलिपचं नवं पार्सल येईल तेव्हा पिशवी त्या फळीवर ठेवू नका, घड हलला नसेल तर.